सहावी येणार म्हणे

रविवारी संध्याकाळी मास्तरचा फोन आला की आई टीव्हीचा आवाज कमी करते. आमच्या गप्पा ऐकायच्या असतात म्हणून नव्हे. मी मोठ्याने बोलतो, मालिकेतलं काही ऐकू येत नाही, म्हणून ती आधीच हार मानते. परवाही तसंच झालं. मास्तर पलीकडून म्हणाला, "सहावी येणार म्हणे." मी म्हणालो, "छे! इतक्यात कुठली? एकदा दहा वर्षं काढलीत पाचवीत, अजून दहा काढतील." फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "कोणाचा रे मुलगा हा? दहा वर्षं पाचवीत?"

मुलगा नाही, खेळ आहे, हे तिला मी पंचवीसेक वर्षांत अनेकदा समजावलंय. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्टीतलं जग चालवतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. जमलं की फसलं हे फासा ठरवतो. पट, सोंगट्या हव्यातच असं नाही; कागद, पेन्सिल आणि नियमांचं पुस्तक पुरतं. जग चालवणाऱ्याला डंजन मास्टर म्हणतात. आमच्याकडे त्याचा मास्तर झाला 1998 साली, होस्टेलच्या खोलीत, आणि मग ते नाव त्याला आडनावापेक्षा घट्ट चिकटलं. त्याच्या लग्नपत्रिकेवर खरं नाव वाचून आमच्यातल्या दोघांनी हे कोण म्हणून विचारलं होतं.

तर या खेळाची पाचवी एडिशन 2014 साली आली. 2024 मध्ये कंपनीने तिन्ही मुख्य पुस्तकं नव्याने लिहून काढायला घेतली, पण त्यांना सहावी म्हणायचं टाळलं. नुसतंच '2024'. आमच्या लहानपणी प्रगतिपुस्तकावर पास आणि नापास यांच्या मधला एक शेरा असायचा, 'वर ढकलले'. तसं काहीसं. आणि ढकललेल्या मुलाकडे जसं सगळ्यांचं लक्ष असतं, तसं आता जगभरातल्या खेळाडूंचं लक्ष आहे: हा खरा सहावीत कधी जाणार?

या अंदाजांचंच एक शास्त्र झालंय. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधे खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड, करंजी, पानविडा, भोवती अठरा धान्यं. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन काय हललं, काय सांडलं ते बघायचं आणि त्यावरून पाऊस किती, पीक कोणतं, राजाची गादी स्थिर की नाही ते सांगायचं. आमच्या गावाकडे एवढा खटाटोप नव्हता. कावळ्याने घरटं आंब्यावर बांधलंय की बाभळीवर, एवढं बघून आजोबा पेरणीचं बोलायचे.

मास्तरचा कावळा म्हणजे कंपनीतली माणसं. कोण आलं, कोण गेलं, कोणतं पुस्तक संपल्यावर पुन्हा छापलं नाही. 2024 च्या पुस्तकांमागचे दोन मोठे लेखक, जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स, 2025 मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि दुसऱ्या प्रकाशनाकडे गेले, तेव्हा मास्तरने मला कामाच्या दिवशी भर दुपारी फोन केला होता. पानविडा हलला म्हणे.

माणसं काय, येतात-जातात. माझा भरवसा पुस्तकांवर. एखाद्या आवृत्तीच्या उतरत्या काळात आलेली पुस्तकं नीट वाचली तर पुढच्या आवृत्तीचा कच्चा खर्डा त्यात सापडतो. 1985 साली 'ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स' नावाचं पुस्तक आलं, जपान-चीनच्या धर्तीवरच्या साहसांसाठी. त्यात पात्राला तलवारबाजीखेरीज इतर कौशल्यं देण्याची एक रीत होती. तीच 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. 1995 मध्ये 'प्लेयर्स ऑप्शन' मालिकेतलं लढाईचं पुस्तक आलं. शत्रूच्या जवळून बेसावध सरकलात तर त्याला एक फुकटचा वार मिळेल, हा नियम त्यात होता, तो 2000 च्या तिसरीत जाऊन बसला. 2006 मध्ये 'टोम ऑफ बॅटल' आलं. तोवर मंत्रतंत्र फक्त मांत्रिकाकडे असायचे, या पुस्तकाने तलवारवाल्यालाही नावं असलेले डाव दिले आणि ते प्रत्येक लढाईत नव्याने वापरता येऊ लागले. दोन वर्षांनी चौथी आली आणि तिचा सगळा इमला याच पायावर उभा होता. 2020 च्या 'टाशा'ज कॉल्ड्रन'मध्ये बुटका म्हणजे काटक आणि एल्फ म्हणजे चपळ हे जन्मजात गणित सैल केलं गेलं. 2024 मध्ये ते गणित वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे दिलं.

ही यादी मी मास्तरला एकदा फोनवर ऐकवली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तू वाचतोस, खेळत नाहीस." ते खरंच होतं. त्यावर पुढे येतोच.

आमच्या हाती हा खेळ पडला तो दुसऱ्या आवृत्तीच्या झेरॉक्समधून. एका सिनियरच्या मावसभावाने अमेरिकेहून 'प्लेयर्स हँडबुक' आणलं होतं. ते दोन रात्रींपुरतं मागून आणलं, झेरॉक्स काढली, स्पायरल बाइंडिंग केलं. रंगीत चित्रं काळी मिट्ट आली होती. ड्रॅगन कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, त्यामुळे आमचे ड्रॅगन सगळे डोंगराएवढे होते. मास्तरसाठीचं जे वेगळं पुस्तक असतं ते आमच्याकडे नव्हतंच. जे माहीत नव्हतं ते मास्तर ठरवायचा.

वीस बाजूंचा फासा हा या खेळाचा जीव. तो पुण्यात आम्हाला काही मिळेना. तुळशीबागेत एका दुकानात विचारलं, तर दुकानदाराने सापशिडीचा फासा पुढे केला. वीस बाजू हव्यात म्हटल्यावर तो वर न बघता म्हणाला, "चार घ्या, चोवीस होतील."

मग आम्ही पुठ्ठ्याचे चौकोन कापले, त्यांवर 1 ते 20 आकडे स्केचपेनने लिहिले आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकले. डबा हलवायचा, डोळे मिटून चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकायची. हा आपला देशी जुगाड, असं आम्ही कैक वर्षं अभिमानाने सांगत होतो. पुढे कळलं की 1979 साली फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द कंपनीनेच खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या आणि कपात टाकून काढा म्हणून सांगितलं होतं. त्यांना ते 'चिट' म्हणायचे. आता हा शब्द इंग्रजांनी नेला कुठून? आपल्याकडच्या चिठ्ठीवरूनच तो तिकडे गेला. एवढा प्रवास करून शब्द पुन्हा श्रीखंडाच्या डब्यात आला, याचा मला अजून आनंद होतो.

मी योद्धा होतो. नियम वाचायचा कंटाळा असलेला प्रत्येकजण आधी योद्धाच होतो. आमचा चोर शेजारच्या खोलीतला. आता फ्रँकफर्टला एका बँकेत असतो, यावरचे विनोद करून संपलेत. मुलींच्या होस्टेलमधून एक मैत्रीण यायची, ती पुजारीण. तिला रात्री साडेआठला गेटच्या आत जावं लागायचं, म्हणून आमच्या जखमी पात्रांना साडेआठच्या आत बरं व्हावं लागायचं.

दुसरीत एक प्रकार होता, थॅको. म्हणजे शून्य चिलखतवाल्या शत्रूला वार लागण्यासाठी फाशावर किती पडायला हवेत तो आकडा. चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत चांगलं, आणि शून्याच्या खाली गेलं तर अतिउत्तम. पहिल्या पातळीच्या योद्ध्याचा थॅको 20. समोर ऑर्क नावाचा राक्षस, त्याचं चिलखत 6. विसातून सहा वजा, चौदा. म्हणजे चौदा किंवा वर पडले तर वार बसला; शंभरात पस्तीस वेळा. उणे दोन चिलखत असलेला कोणी आला की विसातून उणे दोन वजा, म्हणजे बावीस, आणि आमचा चोर दर वेळी विचारायचा, "उणे वजा म्हणजे अधिक ना?" हा मुलगा इंजिनिअरिंगला होता.

तिसरी येणार ही बातमी 1999 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'जेन कॉन' या खेळांच्या मेळाव्यात जाहीर झाली. आमच्यापर्यंत ती दिवाळीच्या सुट्टीनंतर सायबर कॅफेतून आली. तोवर मूळ कंपनी, टीएसआर, कर्जात बुडून 1997 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती आणि 1999 मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने घेतलं होतं. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच कळलं की थॅको जाणार. वजाबाकी जाऊन बेरीज येणार: फासा टाका, आपला आकडा त्यात मिळवा, शत्रूच्या चिलखताएवढा किंवा जास्त झाला तर वार बसला. चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा मोठा. झालं.

चोर खूश. मास्तर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने वहीच्या पानावर दोन्ही पद्धती मांडून दाखवल्या. शक्यता तीच, शंभरात पस्तीस. बदललंय ते फक्त चिन्ह. "मग बदललंय कशाला?" तो म्हणाला. चोर म्हणाला, "मग तुझं बिघडतंय काय?" इतक्या वर्षांत नव्या आवृत्तीवरची जितकी भांडणं मी ऐकली, त्यांतली निम्मी या दोन वाक्यांतच बसतात.

मास्तरची भीती वेगळी होती, आणि ती अप्पा बळवंत चौकातून आली होती. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने मे महिन्यात ती अनुभवलीय. मागच्या वर्षीची पुस्तकं खाकी कव्हरं काढून, नाव खोडून, निम्म्या किमतीत विकायला न्यायची, आणि दुकानदाराने पहिलं पान उघडून म्हणायचं, "अभ्यासक्रम बदलला." कालपर्यंत ज्याच्यावर रात्रीचे दिवस केले ते एका वाक्यात रद्दी. आणि अफवा तर दरवर्षीच: यंदा सातवीचा बदलतोय, पुढच्या वर्षी नववीचा. कोणाच्या तरी काकांनी बोर्डात ऐकलेलं असायचं. मास्तरला झेरॉक्सची नाही, आम्हा चौघांनी पाठ केलेल्या गोष्टींची रद्दी होण्याची भीती वाटत होती. विसातून सहा वजा चौदा हे आम्ही झोपेतही सांगितलं असतं.

तिसरीला तीन वर्षं होतात न होतात तोच 2003 मध्ये साडेतीन आली. साडेतीन! आवृत्तीलाही अपूर्णांक असतो हे तेव्हा कळलं. तिसरीच्या लेखकांपैकी मॉन्टी कुक यांनी नंतर लिहिलं की सुधारित आवृत्तीचा बेत तिसरी बाजारात येण्याआधीच ठरला होता, फक्त ती एवढ्या लवकर काढायची नव्हती. अफवा पसरवणाऱ्यांना वेडं म्हणता येत नाही ते अशा गोष्टींमुळे.

चौथीबद्दल फार लिहीत नाही. 2008 मध्ये आली, नीटनेटकी होती, मला आवडली, आमच्यातल्या बाकी कोणालाही आवडली नाही, आणि तोवर आम्ही चार शहरांत पांगलो होतो. पण तिच्यामुळे एक गंमत झाली. तिसरीच्या वेळी कंपनीतल्या रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने खेळाचे मूळ नियम एका खुल्या परवान्याखाली टाकले होते; कोणीही त्यांवर आधारलेली पुस्तकं काढून विकावीत. चौथीने तो मोकळेपणा आवरता घेतला. तेव्हा पायझो या कंपनीने, जी 2007 पर्यंत याच खेळाची 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही मासिकं चालवत होती, जुन्या परवान्यावर साडेतीनचेच नियम थोडे घासूनपुसून 2009 मध्ये 'पाथफाइंडर' नावाने छापले. त्याच परवान्यावर पहिल्या आवृत्तीचेही कायदेशीर पुनरावतार निघाले. म्हणजे अभ्यासक्रम बदलला, पण कोणीतरी जुनी पुस्तकं नव्या कव्हरात छापली आणि परीक्षाही घ्यायला लागला. अप्पा बळवंत चौकात असं कधी झालं नाही.

सगळ्याच खेळांना हा आवृत्तीज्वर नाही बरं का. 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथांचा खेळ 1981 पासून आहे. त्याच्या सहा आवृत्त्या आल्या तरी पहिलीसाठीचं साहस सहावीत फारसं न बदलता चालायचं. खरी मोडतोड 2014 च्या सातवीत झाली. त्या खेळाच्या लोकांशी बोललं की जुन्या वाड्यात राहणाऱ्या माणसांशी बोलल्यासारखं वाटतं. भिंतीला पोपडे आले तर चुना लावतात, पाडत नाहीत.

मला स्वतःला मात्र सगळ्यात ओढ आहे ती न आलेल्या आवृत्तीची. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी 1985 मध्ये 'ड्रॅगन' मासिकात लिहिलं होतं की खेळाची दुसरी आवृत्ती ते स्वतः कशी करणार आहेत. कोणती पात्रं ठेवायची, कोणती नवी आणायची. नव्यांमध्ये एक विदूषक होता आणि एक भोंदू, लोकांना टोप्या घालणारा. त्याच सुमारास कंपनीच्या सत्तासंघर्षात त्यांचं अध्यक्षपद गेलं आणि वर्षभरात ते कंपनीतूनच बाहेर पडले. 1989 ची दुसरी डेव्हिड कुक यांच्या हाताखाली झाली. विदूषक आला नाही, भोंदूही आला नाही. उलट पहिलीतला मारेकरी गेला, अर्धा ऑर्क गेला, आणि राक्षस-सैतानांची नावं बदलून बाटेझू, तानारी अशी काहीतरी झाली, कारण ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या खेळामुळे मुलं सैतानाच्या नादी लागतात असा गहजब माजला होता. आम्ही जी झेरॉक्स वाचत होतो ती ही घाबरलेली आवृत्ती. आम्हाला काय ठाऊक! आम्हाला वाटायचं बाटेझू ही काहीतरी भारी जमात असणार.

गायगॅक्स 2008 मध्ये गेले. त्यांच्या त्या लेखावरून ती आवृत्ती कशी झाली असती याचा अंदाज लोक अजूनही बांधतात, काहींनी तर स्वतःच नियम लिहून ती 'पूर्ण' केलीय. मी एकदा तो भोंदू खेळायला मागितला होता. मास्तर म्हणाला, "तू योद्धाच बरा. भोंदूला हिशेब यावा लागतो."

पाचवीने अंदाजवाल्यांची एक अडचण केली. 2012 च्या जानेवारीत कंपनीने सरळ सांगून टाकलं की नवी आवृत्ती करतोय, या आणि करून बघा. दोन वर्षं कच्चे नियम लोकांना खेळायला दिले. पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. कावळ्याच्या घरट्याकडे बघणाऱ्याला हवामान खात्यातच बसवल्यासारखं झालं. या चाचणीत एक सुंदर नियम होता: परिस्थिती तुमच्या बाजूने असेल तर फासा दोनदा टाका, मोठा आकडा घ्या, विरुद्ध असेल तर दोनदा टाका, लहान घ्या. बाकी सगळ्या अधिक-उण्यांचं जंगल या एका वाक्याने साफ केलं. मास्तरने तो नियम त्याच आठवड्यात उचलला. दुसरीच्या टेबलावर, थॅकोच्या जोडीला. आणि वर म्हणाला, "चांगला आहे, पण यासाठी अख्खी आवृत्ती कशाला?"

2022 मध्ये पुन्हा तसंच, जाहीर चाचणी. पहिल्याच मसुद्यात राक्षसांना वीस पडला तरी दुप्पट इजा होणार नाही असा प्रस्ताव होता. माझ्या योद्ध्याला 1999 मध्ये एका ट्रोलने नेमका विसावर मारला होता, त्यामुळे मला तो प्रस्ताव न्याय्य वाटला. लोकांना वाटला नाही; मागे घेतला. हे सगळं खेळीमेळीत चाललं असतानाच 2023 च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना खुला परवाना रद्द करायचा, आणि साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न गेलेल्या प्रकाशकांकडून वरच्या रकमेवर 25 टक्क्यांपर्यंत हिस्सा मागायचा, असं त्यात होतं. एवढा संताप उसळला की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचवीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कोणालाही वापरता येतील अशा परवान्याखाली, टाकून दिले, कायमचे, परत घेता न येणारे.

माझ्या मते त्या जानेवारीतच सहावी अडली. पाचवी आता कोणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे. तिला रद्दीत घालणं कंपनीच्या हातात राहिलेलं नाही. अशा वेळी तिच्यावर सहावीचा शिक्का मारून अर्ध्या गिऱ्हाइकांना तुमचा अभ्यासक्रम बदलला म्हणून सांगण्यात शहाणपण नव्हतं. म्हणून वर ढकलले. हा माझा अंदाज. मास्तरचा वेगळा आहे, तो दर रविवारी बदलतो.

2011 पासून आम्ही चौघे एका टेबलाभोवती पाच वेळा बसलोय. मी मोजलंय. एकदा चोराच्या लग्नाच्या आदल्या रात्री, एकदा पुजारिणीचे वडील गेले त्यानंतर तिच्याच घरी, कारण ती म्हणाली की भेटायला येताय तर डबा घेऊन या. आवृत्त्यांवर मात्र आम्ही दर आठवड्याला बोलतो. त्याला तारखा जुळवाव्या लागत नाहीत, चार तास सलग लागत नाहीत, कोणाच्या मुलाची परीक्षा आडवी येत नाही. खेळायला चौघं लागतात. सहावी येणार का हे बोलायला दोघं पुरतात, आणि दुसरा गाडी चालवत असला तरी चालतो. तिसरीत काय झालं, पाचवीत काय चुकलं, सहावीत काय असायला हवं, यातलं आमच्या टेबलावर काहीही येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. आमच्याकडे मास्तरची वही आहे.

दोनशे पानी, रेघांची, पुठ्ठ्याचं कव्हर निघालेली. 1998 मध्ये थॅकोच्या तक्त्याने सुरू झालेली. पुढे निळ्या शाईवर काळी, काळीवर हिरवी. तिसरीतलं जे पटलं ते एका पानावर, चौथीतलं दीड ओळ, पाचवीचा दोन फाशांचा नियम चौकटीत. मधे मधे आमचे निवाडे: मेलेल्याचं सामान समान वाटायचं, पण पुजारिणीने जिवंत करायचं म्हटलं असेल तर थांबायचं. खोडलेलं काहीच पुरतं खोडलेलं नाही. एक आडवी रेघ, आणि बाजूला तारीख. मी एकदा भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे खंड बघितले होते. 1919 मध्ये काम सुरू, 1966 मध्ये पूर्ण, मधली बरीच वर्षं विष्णु सुखटणकरांनी संपादनाची धुरा वाहिलेली, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिलेली. पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेली संहिता आणि खाली, बारीक टायपात, न स्वीकारलेले सगळे पाठभेद. काही पानांवर वर चार ओळी आणि खाली अर्धं पान. मास्तरच्या वहीत वरची संहिता शोधावी लागते, एवढाच काय तो फरक. माझी तुलना ऐकून मास्तर म्हणाला, "त्यांना निदान मूळ महाभारताची हस्तलिखितं होती. आपल्याकडे झेरॉक्स."

परवाच्या त्या फोननंतर तासाभराने त्याने एक फोटो पाठवला. त्याची मुलगी दहा वर्षांची आहे. सुट्टी लागलीय, तिने माळ्यावरून श्रीखंडाचा डबा काढला आणि हे काय म्हणून विचारलं. बापाने खेळ समजावला. ती म्हणाली, मोठा आकडा चांगला की लहान? दुसरीतला हा खरोखरच अवघड प्रश्न; वार करताना मोठा चांगला, आणि दरीवरून उडी मारताना, दार तोडताना, आपल्या ताकदीवरून ठरणाऱ्या आकड्याएवढा किंवा लहान यावा लागतो. बाप वहीत बघून सांगतो म्हणाला आणि वही शोधायला गेला. तेवढ्यात तिने सगळ्या चिठ्ठ्या फरशीवर ओळीने मांडल्या. फोटो त्याचाच. पुठ्ठा पिवळा पडलाय, स्केचपेनचा हिरवा फिकट झालाय, पण आकडे दिसतात.

फोटोखाली तिचाच आवाज होता, बापाच्या फोनवरून पाठवलेला. "काका, यात तेरा नाहीये. आणि सतरा दोन आहेत."

मी फोटो मोठा करून बघितला. एक सतरा चोराच्या हातचा, वर आडवी दांडी असलेला. दुसरा माझा. अक्षर माझंच, शंका नाही. 1998 पासून ती पाच भेटींतली शेवटची रात्र धरून, सगळे ऑर्क, तो ट्रोल, पुजारिणीचे साडेआठच्या आतले सगळे उपचार, सगळं या डब्यातून निघालं होतं. चौदा किंवा वर पडायला हवेत म्हणजे आमच्याकडे शंभरात पस्तीस नव्हतेच कधी. चाळीस होते. थॅको की बेरीज यावर दोन दिवस अबोला धरला होता आम्ही.

मी मास्तरला लिहिलं, तेरा नवीन करून टाकतोस का?

बराच वेळ तो टाइप करताना दिसत होता. मग आलं, "राहू दे. सहावीत दुरुस्त करू."